खवलेनगरीचा उघडा दरवाजा

"पाय काढ तिथनं! मेलेल्याला आणखी किती तुडवशील?"

आजी ओरडली आणि सुगतने उचललेला पाय हवेतच धरला. त्याच्या पायाखाली पालकाचा वाफा होता. होता म्हणजे, आठ-पंधरा दिवसांपूर्वी होता. आता पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या आणि मातीवर पांढरी बुरशी धरावी तसा थर आला होता.

करंजाड्याच्या उंच उंच इमारतींच्या मागे, खाडीच्या बांधाला लागून ही भाजीची पट्टी होती. जमीन गोटीरामकाकांची, घाम मुक्ताबाईंचा. मुक्ताबाई म्हणजे दीक्षा आणि सुगतची आजी. परभणीकडून आली तेव्हा तिच्याकडे एक खुरपं होतं आणि एक जीभ. दोन्हींना अजून धार होती. दीक्षाचे बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात होते, तरी आजीने पट्टी सोडली नाही. "पोराच्या पगारावर मी जगीन, पण मातीबिगर नाही," असं ती म्हणायची.

आणि आज गोटीरामकाका ती मातीच काढून घ्यायला आले होते!

"मुक्ताबाय, पुनव झाली का पट्टी मोकली कर," काका म्हणाले. "माजे भाच्याला देतो. तुजे हाताखाली माती मेली."

"माती नाही मेली, पाणी नासलंय!" आजी उसळली. "चाखून बघा. खारट लागतंय खड्ड्याचं पाणी. खाडी शिरलीय कुठून तरी."

"खाडी कशी शिरंल? बांधातली उघाडी, पान्याचं दार, बंद हाय."

"बघितली का जाऊन?"

"बघायला कशाला पायजे? मना ठाव हाय ना!" काका तोंड फिरवून म्हणाले. "पानी नाय खारट, तुजा हातच खारट हाय. बाहेरची मानसं, तुमाला खारबांधाचं काय कलतं?"

दीक्षाने आजीला कधी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. शिवी द्यावी तर जमीन त्याची, गिळावी तर स्वभाव तिचा! ती खाली बसली आणि मेलेला पालक उपटू लागली. काका छाती काढून बांधावरून निघून गेले, जणू लढाई जिंकून चालले होते.

"दीदी," सुगत हळूच म्हणाला, "हे बघ. मासा चालतोय!"

वाफ्याच्या चरात, चिखलावर, एक बोटाएवढा डोळेफुग्या प्राणी टुणटुण उड्या मारत होता.

"निवटी आहे ती," दीक्षा खाली वाकली. "खाडीच्या चिखलात असते. पण पालकात कशी?"

निवटीने उडी मारली आणि तिच्या शेपटीखाली काहीतरी चमकलं. दीक्षाने ते उचललं. नखाएवढा, गोल, सोनेरी तुकडा. चरात आणखी एक होता. पुढे आणखी दोन.

"सोनं!" सुगत किंचाळला.

"गप रे! प्लॅस्टिक आहे. माशाच्या खवल्यासारखं दिसतंय…"

माशाचे सोनेरी खवले! दीक्षाने मान वर केली. बांधाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या काठावर, नव्या रिसॉर्टची कमान दिसत होती. कमानीवर प्रचंड मोठी जलपरी बसवलेली होती आणि उन्हात तिचं अंग असंच सोनेरी चमचमत होतं.

"सुगत, चप्पल घाल. क्षिप्राकडे जायचंय!"

*

क्षिप्रा दीक्षाच्या वर्गातली. पट्टीसमोरच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायची आणि मोबाइलवर अख्खं जग शोधायची. तिने खवला हातात घेतला, उलटसुलट केला आणि टाळी वाजवली.

"टेन्शनच नको! उद्या आमच्या सोसायटीची पिकनिक तिथेच आहे. 'खवलेनगरी वॉटर पार्क अँड रिसॉर्ट.' दोन जण गळालेत. तुम्ही दोघं चला!"

"खवलेनगरी? हे काय नाव आहे?" सुगतने नाक मुरडलं.

"एका जुन्या सिनेमाचं आहे. 'खवलेनगरीची राणी.' मालक दिनानाथशेठ तरुणपणी सिनेमावाले होते. त्यांनीच काढला आणि इथेच, या खाडीवर त्याचं शूटिंग झालं. पण एक आठवडाही चालला नाही म्हणे! आता म्हातारपणी त्याच सिनेमासारखं रिसॉर्ट बांधलंय. जेवणघर म्हणजे राणीचा दरबार, घसरगुंडी म्हणजे मगरीची जीभ…"

"शी!" सुगत म्हणाला. "मगरीच्या जिभेवरून घसरायचं? जेवण काय आहे?"

*

रविवारी सकाळी बस भरली. सोसायटीच्या एका काकूंनी दीक्षा-सुगतकडे पाहून, "ही भाजीवालीची नातवंडं ना? ही कशी काय?" असं विचारलं, अगदी त्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात. क्षिप्रा फणकारली, "जशा तुम्ही, तशीच. बसमधून!" काकूंनी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघितलं.

खवलेनगरी म्हणजे नुसता थाट होता! प्लॅस्टरचे खडक, फायबरचे शिंपले, हिरव्या बल्बांचं शेवाळ. न्हाणीघरावरसुद्धा 'राजस्नानगृह' लिहिलेलं. भिंतीभिंतीवर सिनेमाचं एकच पोस्टर: समुद्राच्या तळाशी भला मोठा उघडा दरवाजा, त्यातून झोत टाकणारा प्रकाश आणि दाराला हात लावून उभी राणी. हौसेला मोल नसतं हे खरं, पण अक्कल फुकट मिळते, ती तरी वापरावी माणसाने!

बाकीचे पाण्यात उतरले. तिघं सोनेरी खवल्यांच्या मागावर निघाली. कमानीवरच्या जलपरीचे खवले जागच्या जागी घट्ट होते.

"मग गळतात कुठून?" क्षिप्रा म्हणाली.

उत्तर दरबाराच्या मागे होतं. 'राणीचे महाद्वार: फोटो येथे काढा' अशी पाटी आणि तिच्या पुढे खाडीचा बांध. बांधात दगडी मोरी होती, मोरीच्या तोंडावर जाडजूड लाकडी झापड. झापडाला सोनेरी रंग दिलेला. आणि त्या झापडाखाली दुसरी एक जलपरी! तिचे दोन्ही हात वर केलेले आणि झापड त्या हातांवर उचलून धरलेलं. ती सिमेंटमध्ये पक्की रोवलेली होती. भरतीचं पाणी तिच्या कमरेभोवती घुसळत होतं आणि तिचे खवले एकेक सुटत होते.

"दीदी!" सुगत ओरडला. "पाणी आत चाललंय!"

गढूळ पाणी फेसाळत मोरीतून आत शिरत होतं, आतल्या नाल्यात उतरत होतं आणि नाला वळण घेत गेला होता थेट आजीच्या पट्टीकडे.

"ही उघाडी आहे!" दीक्षा म्हणाली. "आजीने सांगितलंय मला. झापड वरून टांगलेलं असतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीच त्याला दाबून बंद करते. माणसाने काही करायचंच नाही! फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाऊन बघायचं, की मध्ये ओंडका-बिंडका अडकलेला नाही ना. गावातली घरं आळीपाळीने राखण करायची."

"आणि इथे ओंडक्याऐवजी अख्खी बाई अडकवलीय!" क्षिप्राने कपाळावर हात मारला. "फोटोसाठी!"

"ए! कोण रे ते? खाली उतरा आधी!"

मागून एक गॉगलवाले गृहस्थ धावत आले. छातीवर पट्टी: प्रसाद, मॅनेजर.

"काका, हे दार बंद करायला हवं," दीक्षा भराभर म्हणाली. "खारं पाणी आत जातंय. पलीकडे माझ्या आजीची भाजी जळाली. तिला पट्टीवरून काढतायत…"

"भाजी?" प्रसाद हसला. "एवढ्या खर्चाचं नवंकोरं डेकोरेशन मी पालकासाठी तोडू?"

"गोटीरामकाकांना तर वाटतंय उघाडी बंद आहे!"

"त्यांना मी सांगितलं, आम्ही बघतो. बघतोच आहे की! ते आमच्याच पार्किंगला वॉचमन आहेत, विचार जा. आणि नीट ऐक. सिनेमात महाद्वार उघडं आहे, म्हणून इथे उघडं आहे. शेठना सगळं सिनेमासारखं लागतं. पोस्टर बघ, डोळे असतील तर! पुन्हा इथे दिसलात तर गेटबाहेर काढीन."

सुगतच्या डोळ्यात पाणी आलं. दीक्षाच्या आलं नाही, तिच्या डोक्यात आग आली. तरी ती पार्किंगला गेली. गोटीरामकाका छत्रीखाली पेंगत होते.

"काका, उघाडी उघडी आहे! चला, दाखवते!"

"मॅनेजर बोल्ला ना बगतो म्हनून?" काकांनी एक डोळा उघडला. "मोटी मानसं हायेत ती. तू जा, पान्यात खेल."

एकाला दिसत होतं पण बघायचं नव्हतं, दुसऱ्याला बघायचंच नव्हतं! असल्या मोठ्यांपुढे लहानांनी काय करावं?

"रडायचं नाही," क्षिप्रा म्हणाली. "तो सारखं सिनेमात-सिनेमात करतोय ना? मग आपण सिनेमाच बघू!"

*

'राणीचे चित्रगृह' दरबाराच्या शेजारीच होतं. आत थंडगार एसी. खुर्च्यांवर माणसं म्हणजे एक घोरणारे आजोबा आणि केस वाळवणाऱ्या दोन बायका. पडद्यावर सिनेमा नुकताच सुरू झाला होता.

बाप रे, तो सिनेमा! राणी एक वाक्य बोलायची आणि मग बुडबुडे. प्रधान चालायचा, बुडबुडे. गाणं सुरू झालं, ते संपेचना. बायका उठल्या. आजोबा जागे झाले, पडद्याकडे बघून दचकले आणि तेही गेले.

"दीदी, मला पाण्यात तरी बुडव," सुगत कण्हला.

"बस म्हटलं ना!"

मध्यंतरापर्यंत हॉलमध्ये ती तिघंच उरली होती. आणि मध्यंतरानंतर दीक्षा हळूहळू खुर्चीच्या टोकावर आली. सुगत कण्हायचा थांबला. क्षिप्राने तोंडावर हात ठेवला.

शेवटची पाटी पडद्यावर आली तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मॅनेजरने हे बघितलेलं नाही," क्षिप्रा कुजबुजली.

"पैज लावून सांगते," दीक्षा म्हणाली, "त्याने पोस्टरपलीकडे काही बघितलेलं नाही!"

*

पाच वाजता दरबारात प्रश्नमंजूषा होती. दर रविवारी दिनानाथशेठ स्वतः येत. पांढरा लेंगा-झब्बा, हातात काठी, चेहरा असा की हसले तर तडा जाईल. लोक समोसे खात होते. प्रसाद माईकवर प्रश्न विचारत होता.

"राणीच्या मुकुटात किती शिंपले?"

लोकांनी समोसे चटणीत बुडवले.

"सात!" दीक्षा ओरडली.

"प्रधानाचं नाव?"

"शंखधर!" सुगतचा हात वर.

तिसरं, चौथं, पाचवं. सगळी उत्तरं एकाच कोपऱ्यातून! शेठ काठीवर पुढे झुकले.

"तुम्ही सिनेमा बघितलात?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण," दीक्षा म्हणाली. "शेवटच्या पाटीपर्यंत."

शेठच्या भुवया वर गेल्या. प्रसादने घाईघाईने बक्षिसाची पिशवी पुढे केली. "छान छान! टाळ्या! चला, या आता."

"एक मिनिट!" क्षिप्राने पिशवी घेतली आणि त्याच्या हातातला माईकही. "सगळे प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातलेच होते. आम्हीही एक विचारतो. मॅनेजरसाहेबांना तर सोपाच जाईल. त्यांनीच एवढी हुबेहूब सजावट केलीय!"

लोक हसले. प्रसादने कॉलर नीट केली. "विचारा, विचारा."

दीक्षाने माईक घेतला. तिचा आवाज थेट आजीचा निघाला.

"सांगा, महाद्वार उघडं कोणी अडकवून ठेवलं? आणि शेवटी काय झालं?"

"हात्तिच्या! राणीने! पोस्टरवर आहे की," प्रसाद म्हणाला. "आणि शेवटी… दार उघडं राहिलं, प्रकाश आला, सगळे सुखात नांदले!"

ठक्! शेठची काठी जमिनीवर आपटली. समोसे खाणारे हात थांबले.

"राणीने?" शेठ उभे राहिले. "राणीने? अरे गाढवा! सेनापती मगरध्वजाने! पाहुण्यांनी महालाचा थाट बघावा म्हणून त्या दुष्टाने दाराला खांब लावला! खारं पाणी आत शिरलं, राणीच्या बागा जळाल्या! राणी तो खांब उपटून काढते, दार धाडकन बंद होतं, तिथे सिनेमा संपतो! पोस्टरवर ती दार बंद करायला हात लावतेय!"

"मला वाटलं… सर, तो जरा मोठा आहे ना पिक्चर…"

"दोन वर्षं पगार घेतोस आणि शेवट बघितला नाहीस?"

"शेठ," दीक्षा मध्येच म्हणाली. आता थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "मगरध्वज तुमच्याकडे कामाला आहे. मागच्या उघाडीला त्याने खांब लावलाय. सोनेरी रंगाचा. आणि पलीकडे माझ्या आजीची बाग जळालीय. उद्या पौर्णिमा झाली की तिला जमीन सोडायला लावणार आहेत."

शेठ काठी टेकत सरळ बांधाकडे निघाले. मागून प्रसाद, मागून अर्धी पिकनिक, आणि गर्दी बघून पार्किंगमधून गोटीरामकाकासुद्धा धावले.

ओहोटी लागली होती. चिखलात उभी जलपरी, डोक्यावर उघाडीचं झापड.

"ही गोष्ट माझ्या आज्याची," शेठ म्हणाले. "राखणीच्या दिवशी उघाडीत अडकलेलं लाकूड त्याने अंधारात उतरून काढलं, तेव्हा गावाचं भात वाचलं. तेच मी सिनेमात घातलं. आणि माझ्याच जागेत…" ते गर्रकन वळले. "गोटीराम! तुमच्या घराकडे राखण होती ना या उधाणाची?"

गोटीरामकाकांची मान छातीला टेकली. "सायेब बोल्ले आमी बगतो… मी आलूच नाय बगायला."

"कसला साहेब? याला भरती-ओहोटी तरी कळते का?" शेठ प्रसादकडे वळले. "बूट काढ. पहार घे. हे तूच रोवलंस, तूच उपटायचं. भरतीच्या आत!"

प्रसादने गॉगल काढला, बूट काढले आणि तो गुडघाभर चिखलात उतरला. सोसायटीच्या काकूंनी फोटो काढले. पाटीवर लिहिलंच होतं, 'फोटो येथे काढा'!

*

सोमवारी बुद्धपौर्णिमा. आजीने सकाळी वंदना झाल्यावर खिरीचं पातेलं काढलं आणि ती पोरांबरोबर बांधावर आली. दुपारी उधाणाची भरती चढू लागली. शेठ होते, गोटीरामकाका होते, गावातली चार जुनी माणसं होती.

खाडी फुगली. पाणी झापडाला भिडलं, मागे सरलं, पुन्हा भिडलं. आणि मग धाड! झापड मोरीवर बसलं. बाहेर खाडी आदळत राहिली, आत नाल्यातला एक थेंब हलला नाही.

"बंद!" सुगतने आरोळी ठोकली.

शेठ आजीसमोर आले. "बाई, चूक आमची. काय भरपाई देऊ?"

"भरपाई?" आजीने त्यांना वरून खालपर्यंत बघितलं. "मह्या पालकाला काय टाळ्या वाजवून जिवंत करणार हायेत? तुमच्या घसरगुंड्यांना टँकरनं गोडं पाणी येतं ना? पावसाळ्यापर्यंत चार टँकर मह्या वाफ्यांवर सोडा. मीठ धुऊन निघंल. बाकी मी बघते."

"चार नाही, लागतील तेवढे सोडतो." शेठ मुलांकडे वळले. आवाज जरा खाली आला. "खरं सांगा. सिनेमा कसा वाटला?"

क्षिप्राने दीक्षाकडे बघितलं, दीक्षाने सुगतकडे.

"मध्यंतरापर्यंत लई बोअर आहे," सुगत म्हणाला. "पण शेवट भारी!"

शेठच्या चेहऱ्याला खरंच तडा गेला. ते हसले! "शेवटपर्यंत बसणारे तुम्ही पहिलेच. पोरांनो, तुम्ही माझा सिनेमाही वाचवलात आणि माझी अब्रूही. शाबास!"

गोटीरामकाका पुढे आले, डोक्यावरची टोपी हातात. "मुक्ताबाय, पट्टी तुजीच. मी चुकलू."

"ते दिसलं मला," आजी म्हणाली. "परवा भाच्याला द्यायला निघाला होतात. आज नुसतं मह्यापुढं नको. या चार जणांसमोर सांगा."

"सांगतो की." काकांनी गावच्या माणसांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या. काका खाकरले. "पट्टी मुक्ताबायची. आनि उघाडीच्या राखनीत आजपासून तिच्या घराचाबी वार. ही पोरं नसती तं आपन झोपलेच व्हतो. येत्या अवसेला पयली राखन त्यांची."

दीक्षाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. राखण फक्त गावच्या घरांची असे. पिढ्यान्‌पिढ्यांची. बाहेरच्या माणसाला बांधावर उभं करत, राखणीत कधीच नाही.

तिने आजीकडे बघितलं. आजीने पदर खोचला, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पहिली वाटी भरून गोटीरामकाकांच्या हातात ठेवली.

"अवसेला पोरं येतील, आणि मीबी येईन," ती म्हणाली. "मही नातवंडं हायेत. बंद हाय म्हणून सांगणार नाहीत. बघून सांगतील."